दुसऱ्या वर्षाची रशियन

रशियन शिकणाऱ्या मराठी मुलांचं पहिलं वर्ष बहुधा आनंदात जातं. 33 अक्षरांची किरिल लिपी दोन-तीन आठवड्यांत हाताला बसते. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांना ज्या गोष्टी छळतात, त्या आपल्या घरच्याच असतात: तीन लिंगं, नामाप्रमाणे बदलणारं विशेषण, विभक्ती. ‘त्याने आपलं पुस्तक घेतलं’ आणि ‘त्याने त्याचं पुस्तक घेतलं’ यांतला फरक रशियनही काटेकोरपणे पाळते. तो आपल्या मुलांना फोड करून सांगावा लागत नाही. गुण चांगले पडतात आणि घरात समज होतो की भाषा आली. धोका सुरू होतो तो इथेच.

दुसऱ्या वर्षी खरी क्रियापदं समोर येतात. रशियनमध्ये बहुतेक क्रियांसाठी क्रियापदांची जोडी असते, अपूर्ण आणि पूर्ण. ‘चितात’ म्हणजे वाचणं, ‘प्रचितात’ म्हणजे वाचून काढणं. ‘खाऊन टाकलं’, ‘वाचून काढलं’ असं दिवसभर बोलणाऱ्या मुलाला हे चटकन पटतं आणि म्हणूनच तो फसतो. ‘तू ती कादंबरी वाचली आहेस का?’ असं सहज विचारताना, वाचन कधीच संपलेलं असलं तरी, रशियन माणूस अपूर्ण क्रियापदच वापरतो. पूर्ण क्रियापद घातलं की प्रश्नाचा सूर बदलतो: वाचायला सांगितली होती ना, झाली का वाचून? ‘जाणं’ तर याहून अवघड. पायी की वाहनाने, एका दिशेने की जाऊन-येऊन, हे मनाशी ठरवल्याशिवाय क्रियापद निवडताच येत नाही. मग त्याला उपसर्ग लागतात. हे सगळं नुसते नियम वहीत उतरवून येत नाही. शेकडो वेळा कानावर पडावं लागतं, चुकत बोलावं लागतं आणि कुणीतरी तिथल्या तिथे दुरुस्त करावं लागतं.

आणि नेमकं याच वर्षी आपण हात आखडता घेतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला रशियनमध्ये कामकाज करता यावं म्हणून सुमारे 1100 तासांचं वर्गशिक्षण धरते. आपल्याकडे आठवड्याला चार तास आणि वर्षाला तीस आठवडे धरले, तर दोन वर्षांत होतात 240. मराठीमुळे आपले काही तास वाचतात, पण इतके नाहीत. त्यातही बराच वेळ गाळलेल्या जागा भरण्यात आणि ‘माझं शहर’ या विषयावरचा निबंध पाठ करण्यात जातो. पदविका हातात पडते, पण समोरच्याने अनपेक्षित प्रश्न विचारला की तोंड उघडत नाही. दोष कुणा एका संस्थेचा नाही. अर्धवट भाषेलाही आपण पूर्ण गुण देतो, हा सगळ्यांचा मिळून दोष आहे.

याची किंमत वाङ्मयाने आधीच मोजली आहे. प्रगती आणि रादुगा या मॉस्कोच्या प्रकाशनांची स्वस्त मराठी पुस्तकं एका पिढीच्या घराघरांत होती. 1991 नंतर तो ओघ थांबला. आज थेट रशियनवरून मराठीत आणू शकणारे अनुवादक हवे असतील, तर ते रानडे इन्स्टिट्यूट किंवा मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणच्या वर्गांतूनच यायचे. दुसऱ्या वर्षी गळलेला विद्यार्थी त्या कामापर्यंत पोचतच नाही.

मला अधिक काळजी वाटते ती रशियात वैद्यकीय शिक्षणाला जाणाऱ्या मुलांची. 2021च्या भारतीय नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमातला असावा लागतो. ते योग्यच आहे, पण त्यामुळे रशियन हा बाजूचा विषय ठरतो. वॉर्डातला पेशंट मात्र रशियनच बोलतो. त्याला ‘प्रिनिमालि’ म्हणून विचारलं, तर प्रश्न होतो की हे औषध तुम्ही कधी घेतलं होतं का, घेत होतात का. ‘प्रिन्यालि’ म्हटलं, तर दिलेली गोळी घेतली का. दोन्ही प्रश्नांना तो ‘हो’ म्हणेल आणि दोन्ही ‘हो’चे अर्थ वेगळे असतील. संख्येचंही तसंच: दोन, तीन, चार गोळ्यांसाठी ‘गोळी’चं एक रूप, पाच ते वीस गोळ्यांसाठी दुसरं. घाईत बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ते ऐकून ओळखता आलं पाहिजे. रशियन माध्यमाच्या विद्यापीठात प्रवेशासाठी साधारणपणे जी पहिली प्रमाणपत्र पातळी लागते, तिचा किमान शब्दसाठाच सुमारे 2300 शब्दांचा आहे. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला ती पातळी कुणी विचारत नाही.

पालक एजंटला फी विचारतात, होस्टेल विचारतात, मेसमध्ये भारतीय जेवण आहे का हेही विचारतात. रशियनचे तास दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी किती आहेत, वर्गात मुलं किती, बोलण्याची परीक्षा कोण घेतं, हे विचारलेलं मी क्वचितच ऐकलं आहे. पैसे भरण्याआधी याची उत्तरं लेखी मागावीत. ती मिळाली नाहीत, तर निघण्याआधीचं वर्ष इथल्याच एखाद्या चांगल्या वर्गात, रोज बोलून, काढावं.