दोष भाकरीचा नव्हे

दात किडलेले नाहीत, तरी त्यांवर पिवळे-तपकिरी पट्टे. कितीही घासले तरी ते निघत नाहीत, म्हणून मुले हसताना तोंडावर हात धरतात. यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांपासून तेलंगणातील नलगोंड्यापर्यंत हे चित्र दिसते. हे डाग अस्वच्छतेचे नव्हेत. दातांचे कवच घडत असताना, म्हणजे साधारणतः पहिल्या आठ वर्षांत, फ्लोराइड प्रमाणाबाहेर पोटात गेल्याची ती खूण होय. आणि ती जन्मभर पुसली जात नाही.

या विकाराची नोंद आपल्या देशात 1937 सालीच झाली. तेव्हापासून सारा विचार पिण्याच्या पाण्यापुरता राहिला. लिटरमागे एक मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड, ही भारतीय मानकाची मर्यादा आहे. परंतु माणूस पाणी नुसते पीत नाही. त्यातच तो पीठ मळतो, डाळ शिजवतो, चहा उकळतो. पाणी आटते, फ्लोराइड आटत नाही. चहाच्या पानांतील फ्लोराइडची त्यात आणखी भर पडते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी 1970 च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास आणली. भात खाणाऱ्यांपेक्षा ज्वारी खाणाऱ्यांच्या शरीरात फ्लोराइड अधिक प्रमाणात टिकून राहते.

मग ज्वारी सोडावी काय? मुळीच नाही. भाकरी हा गरिबाचा आधार आहे, आणि 2023 हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे करताना आपणच तिचे गोडवे गायिले. दोष भाकरीचा नसून तिच्या पिठात मिसळणाऱ्या पाण्याचा आहे. ज्यांच्या ताटात भाकरीच मुख्य, त्यांना शुद्ध पाणी आधी मिळावे, एवढाच या संशोधनाचा न्याय्य अर्थ.

तुरटी व चुना वापरून फ्लोराइड काढण्याची 'नलगोंडा पद्धत' नागपूरच्या 'नीरी' संस्थेनेच विकसित केली. म्हणजे उपाय घरचाच आहे. उणीव आहे ती रोजच्या देखभालीची. बाधित गावांत शाळेचे माध्यान्ह भोजन ज्या पाण्यात शिजते त्याची नियमित तपासणी व्हावी, निकाल शाळेच्या फळ्यावर लिहिला जावा, आणि मुलांच्या आहारात दूध, पालेभाज्या व आवळा यांना स्थान मिळावे. आज पहिलीत बसलेल्या मुलाचे कायमचे दात अजून घडत आहेत. त्याच्यासाठी वेळ अद्याप गेलेली नाही; ती दवडली, तर मात्र दोष आपला.