गॉथिक, पण रांगेत

राजाबाई टॉवरचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने मुंबई कधी पाहिलीच नाही. नकाशे लंडनहून आले, दगड कुर्ल्याचा निघाला आणि मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या जातीजमातींची जी माणसं उभी आहेत, त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. मुंबईवर लिहिणारा प्रत्येक जण हे सांगतोच. पण याच स्कॉटने त्याआधी पंधराएक वर्षं लंडनमध्ये गॉथिक घरांची एक रांग उभी केली होती, तिच्याबद्दल मात्र आपल्याकडे कोणी फारसं बोलत नाही.

वेस्टमिन्स्टर ॲबेच्या पश्चिम दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला ही रांग लागते. नाव ‘द सँक्च्युअरी’, बांधकाम 1853-54 चं. स्कॉट 1849 पासून ॲबेच्या डागडुजीचा प्रमुख वास्तुविशारद होता, म्हणजे जागा त्याच्या अंगणातलीच. भिंतीला भिंत लावून उभी घरं, मधून डीन्स यार्डात शिरणारं कमानीचं प्रवेशद्वार, छपराचे उंच त्रिकोण, भिंतीबाहेर डोकावणाऱ्या खिडक्या, छोटे बुरूज. आता तिथे बहुतेक कार्यालयं आहेत. शेजारच्या ॲबेचे पश्चिमेचे जुळे मनोरे मध्ययुगीन वाटतात खरे, पण तेही 1745 मध्ये पुरे झालेले. म्हणजे नकली जुन्याच्या शेजारी आणखी एक नकली जुनं! मला त्यात काही वावगं वाटत नाही. स्कॉटचं म्हणणंच असं होतं की गॉथिक ही चर्चपुरती शैली नव्हे, चालू काळातल्या माणसाला मोठ्या काचेच्या खिडक्यांसकट राहता येईल अशी ती आहे. 1857 मध्ये त्याने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे इथून हाकेच्या अंतरावर परराष्ट्र खात्याची इमारत बांधताना पंतप्रधान पामर्स्टनने त्याचं गॉथिक साफ धुडकावून इटालियन थाटाचा आराखडा करायला लावला, ती गोष्ट वेगळी.

अडचण निराळीच आहे. लंडनमधली रांगेतली घरं हा जमीन पट्ट्याने देण्याचा धंदा होता. मालक जमीन मुदतीने द्यायचा, बांधणारा तिचे अरुंद तुकडे पाडून तेच घर पुन्हा पुन्हा बांधायचा. एकच खिडकी, एकच दार, एकच जिना, म्हणून स्वस्त. गॉथिकला मात्र या पुनरावृत्तीचं वावडं. खोली जिथे हवी तिथे खिडकी, जिना जिथे चढतो तिथे बुरूज, असा त्याचा न्याय. मग रांगेत गॉथिक बसवायचं कसं? स्कॉटने रांग मोडून टाकली. दर्शनी भाग असा वरखाली, मागेपुढे केला की निरनिराळ्या वेळी उभ्या राहिलेल्या इमारती शेजारी आल्यात असं वाटावं. दिसायला झकास, पण रांग रांग असल्याचं लपवणारं.

लंडनच्याच इझ्लिंग्टनमधल्या लॉन्सडेल स्क्वेअरमध्ये रिचर्ड क्रॉमवेल कार्पेंटरने याआधीच दुसरं उत्तर दिलं होतं. ड्रेपर्स कंपनीच्या जमिनीवरचा हा चौक 1838 ते 1845 या काळात बांधला गेला, काम सुरू झालं तेव्हा कार्पेंटर जेमतेम पंचविशी ओलांडलेला. करड्या विटा, दगडी चौकटी, खिडक्यांना उभे दगडी दांडे आणि प्रत्येक घराच्या माथ्यावर टोकदार त्रिकोण. तोच, पुन्हा तोच, चौकाच्या चारी बाजूंना. कार्पेंटरने पुनरावृत्ती लपवली नाही, तिचाच ताल केला. जाणकार स्कॉटला मोठा मानतात आणि तो होताच, पण रांगेतलं घर कार्पेंटरला जास्त कळलं होतं.

अशा रांगेचं जतन कठीण असण्याचं एक कारण छपरात दडलेलं आहे. जॉर्जियन घरं छप्पर कठड्याआड लपवतात, गॉथिक घर ते मिरवतं. पण रस्त्याकडे तोंड केलेले दोन त्रिकोण शेजारी आले की त्यांच्यामध्ये पन्हळ येते आणि ती बहुधा नेमकी सामाईक भिंतीवर. दोन्ही उतारांचं पाणी तिथे जमतं. पानं अडकली, शिशाचा पत्रा फाटला की ओल दोन्ही घरांत उतरते आणि दुरुस्तीला दोन्ही मालकांची मनं जुळावी लागतात. पंगतीत मधूनच एक जण उठला की शेजारच्यांचा घास अडतो, तसं हे आहे.

इंग्लंडमधल्या वारसा-संरक्षणाच्या नियमांना याची थोडीफार जाण आहे. तिथल्या संरक्षित इमारतींच्या यादीत पावणेचार लाखांच्या आसपास नोंदी आहेत, त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त सगळ्यात खालच्या श्रेणीत, आणि तिच्यात साधी घरं पुष्कळ. संरक्षण आतून-बाहेरून दोन्ही. परवानगीवाचून फेरफार करणं हा फौजदारी गुन्हा. आणि इमारत निवडताना ती शेजारच्यांसह काय दिसते, हेही वजनात धरलं जातं. जाच आहेच, खिडकीच्या दुहेरी काचेवरून तिथे मालक आणि नगरपालिकांची वर्षानुवर्षं जुंपते. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला वारशाचं कौतुक सांगणं सोपं नाही.

आपण 1995 मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली केली तेव्हा श्रेण्या तिच्यातही आल्या. पण आपल्याकडे गॉथिक आलं ते सरकारी वेशात: उच्च न्यायालय, सचिवालय, विद्यापीठ. त्यांचे मालक मोठे, दाराशी पहारेकरी. ‘वारसा’ म्हटलं की आपल्याला मनोराच दिसतो, याचं एक मूळ इथे असावं. बरीच राहती घरं तिसऱ्या श्रेणीत गेली, तिथे फेरफाराला बरीच मोकळीक.

2018 मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंना जागतिक वारशाचा मान एकत्रच मिळाला. पूर्वेला याच सरकारी गॉथिक इमारती, पश्चिमेला आर्ट डेको सदनिकांच्या रांगा. खरी परीक्षा पश्चिमेला आहे, कारण तिथे माणसं राहतात. एकाने सज्जा बंद केला, दुसऱ्याने ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, तिसऱ्याने एसीचं यंत्र दर्शनी भिंतीवर टांगलं. प्रत्येकाची गरज खरी, आणि रांग मात्र विस्कटलेली. म्हणून माझी मागणी साधी आहे. महापालिकेने आणि वारसा समितीने सोसायट्यांना बरोबर घेऊन अख्ख्या रांगेसाठी खिडकीचा एकच नमुना ठरवावा, चौकट कशाची, काचेचे भाग किती, एसीचं यंत्र मागच्या कुठल्या भिंतीवर. तो नमुना परवडावा म्हणून सुतारांचं काम एकदम, घाऊक दराने द्यावं, आणि तो वापरणाऱ्याला परवानगीसाठी खेटे घालायला लावू नयेत.