खासगी नभोवाणी आणि तिचा तरुण श्रोता

सकाळी आठच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून रिक्षाने जाणाऱ्याच्या कानी एक आवाज हटकून पडतो. तो 'श्रोतेहो' म्हणत नाही, 'यार' म्हणतो. वाहतुकीची कोंडी, साहेबांची कटकट, परीक्षेची धास्ती यांविषयी तो अशा सलगीने बोलतो, की जणू कॉलेजच्या कट्ट्यावरच बसला आहे. मग एक गाणे, चार जाहिराती, पुन्हा एक गाणे. खासगी एफएम केंद्रांच्या या निवेदकाला तरुण मंडळी 'आरजे' म्हणून ओळखतात. त्याची भाषा उथळ आहे, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. पण या सलगीचा खर्च कोण सोसतो आणि कशासाठी सोसतो, हा प्रश्न भाषेच्या प्रश्नापेक्षा अधिक मूलगामी आहे.

व्यापारी नभोवाणी आपल्याकडे नवी नाही. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर एका दंतमंजनाच्या जाहिरातीसाठी 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत पोहोचला. सरकारने जे नाकारले, ते शेजारच्या देशातून जाहिरातदाराने पुरविले. आकाशवाणीला १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली आणि १९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिरातीही सुरू झाल्या. त्या काळचा श्रोता पोस्टकार्डावर फर्माईश धाडी. आपले नाव व गाव उच्चारले जावे, एवढीच त्याची अपेक्षा. झुमरी तलैया हे गाव देशाला ठाऊक झाले ते या पोस्टकार्डांमुळेच.

आजची केंद्रे श्रोत्याच्या फर्माइशीवर फारशी विसंबत नाहीत. त्यांचे तंत्र अमेरिकेतून आलेले आहे. ओमाहा शहरातील केंद्रचालक टॉड स्टॉर्झ याने १९५० च्या सुमारास असे पाहिले म्हणतात, की उपाहारगृहातील नाणे टाकून वाजविण्याच्या यंत्रावर गिऱ्हाइके तीच ती गाणी पुन्हा पुन्हा लावतात. त्यातून मोजकीच गाणी दिवसभर फिरविण्याची पद्धत रूढ झाली. गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा लोकांना ऐकवून त्यांचा कौल घ्यायचा, तासाची आखणी घड्याळाच्या तबकडीवर करायची, कोणत्या मिनिटाला गाणे, कोणत्या मिनिटाला थट्टेचा फोन आणि कोणत्या मिनिटाला जाहिरात हे आधीच ठरवायचे, असा हा कारखाना आहे. उत्स्फूर्त भासणारी निवेदकाची बडबड त्या तबकडीतील एका फाकेत बसविलेली असते. चित्रपटाची तिकिटे बक्षीस देणे, महाविद्यालयांच्या महोत्सवांत मंडप थाटणे, श्रोत्याचा आवाज प्रक्षेपित करणे, या सर्वांचा हेतू एकच: तरुणाला हे केंद्र आपले वाटावे आणि त्याने बटण फिरवू नये.

तो ऐकतो त्याचे मोल त्याला द्यावे लागत नाही, कारण येथे ग्राहक तो नव्हेच. ग्राहक जाहिरातदार होय. डॅलस स्माइद या कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली स्पष्टच मांडले, की व्यापारी प्रसारमाध्यमे विकतात तो माल म्हणजे त्यांचा श्रोतृवर्ग. हे शब्द कानाला कठोर लागतात, पण २००७ पासून मुंबई, दिल्ली, बंगळूर व कोलकाता येथे निवडक श्रोत्यांना डायऱ्या देऊन कोण कोणते केंद्र केव्हा ऐकतो याची जी मोजणी सुरू झाली, ती या मालाची मापणीच होती. नुकताच कमावू लागलेला, दुचाकी, फोन आणि कपडे घेऊ पाहणारा तरुण या बाजारात महाग विकला जातो. निवृत्त शिक्षकाला येथे भाव नाही.

मग केंद्रे इतकी असूनही गाणी तीच का? पीटर स्टाइनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५२ मध्येच याचे उत्तर दिले होते. मोठ्या गटाच्या आवडीचा वाटा लहान गटाच्या संपूर्ण आवडीपेक्षा मोठा असेल, तर प्रत्येक स्पर्धक मोठ्या गटाकडेच धावतो. एकाच मालकाच्या हाती अनेक केंद्रे असतील, तर स्वतःशीच स्पर्धा टाळण्यासाठी तो वेगळ्या आवडीचा विचार करील, हे त्याचे अनुमान स्पर्धेच्या भक्तांना चमत्कारिक वाटेल. तथापि एका शहरात एकाहून अधिक वाहिन्या बाळगण्याची मुभा २०११ च्या धोरणाने दिल्यानंतर त्याच मालकाची दुसरी वाहिनी जुन्या गाण्यांसाठी चालविल्याचे मुंबईत दिसले. मुंबईच्या खासगी केंद्रांवर मराठी गाणे वर्षानुवर्षे दुर्मीळ राहिले, त्याची उकलही येथेच आहे. त्यात द्वेषापेक्षा हिशेब अधिक होता. अर्थात, हिशेब म्हटल्याने तो समर्थनीय ठरत नाही.

केंद्रचालकांची बाजूही पाहिली पाहिजे. पहिल्या टप्प्यात ठोक परवाना शुल्क दरसाल १५ टक्क्यांनी वाढत जाई. त्या ओझ्याखाली अनेकांनी हात टेकले. २००५ मध्ये एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के अशी पद्धत आली, तेव्हा कोल्हापूर, सांगली, जळगाव, नांदेड यांसारख्या शहरांत केंद्रे निघाली. परंतु लिलावात मोठी रक्कम ओतलेला मालक प्रयोग करीत नाही.

शासनाने त्याला बातम्याही करू दिल्या नाहीत. आकाशवाणीचे वार्तापत्र जसेच्या तसे ऐकविण्यापुरतीच २०११ च्या धोरणाची सवलत. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती ठरविली, तरी त्या संपत्तीवरून शहराच्या नगरपालिकेत काय घडले हे सांगता येऊ नये, हा न्याय अजब आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये तासाला १० मिनिटे बातम्यांना मुभा द्यावी, अशी शिफारस केली. पण मालकांनी बंदीचा आडोसाही पुष्कळ घेतला. त्याच २०११ च्या धोरणाने परीक्षा, निकाल, प्रवेश, नोकरीच्या संधी, पाणी-वीजपुरवठा व नैसर्गिक आपत्ती हे विषय बातम्यांतून वगळून खुले केले होते. विद्यार्थ्याच्या जिव्हाळ्याचे याहून दुसरे काय असू शकते? तरीही हे विषय दोन गाण्यांमधल्या फटीत उरकले जातात, कारण प्रवेशाच्या गुंत्यावर अर्धा तास बोलणाऱ्या कार्यक्रमाला शिकवणी वर्गाखेरीज जाहिरातदार मिळणे कठीण.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मान्यता दिली. त्यांत लातूर, चंद्रपूर, यवतमाळ, मालेगाव ही नावे आहेत. मातृभाषेतील स्थानिक कार्यक्रमांना उत्तेजन मिळेल, असे त्या वेळी सांगण्यात आले. मात्र एका ठिकाणी तयार झालेला कार्यक्रम अनेक केंद्रांवरून ऐकविण्याची मुभा २०११ च्या धोरणातच आहे. लातुरात दुकानदारांच्या जाहिरातींवर निवेदकाचा पगार निघणार नसेल, तर तेथील विद्यार्थ्याशी 'यार' म्हणून बोलणारा माणूस मुंबईत बसलेला असेल, आणि लातूरला नळाला पाणी कितव्या दिवशी येते हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.