‘करेंगे’चे ‘करा’ कसे झाले

गेल्या जुलैत शाळेत ९ ऑगस्टच्या, म्हणजे क्रांतिदिनाच्या वक्तृत्व स्पर्धेची सूचना फिरली. आठवीतल्या एका मुलीने नाव दिले आणि दरवर्षीप्रमाणे भाषण लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही दोन पाने लिहून दिली. शेवट ठरलेलाच होता : ‘गांधीजी गरजले, करा किंवा मरा!’ इथे आवाज चढवायचा, उजव्या हाताचे बोट समोरच्यांवर रोखायचे, हेही आम्हीच शिकवले.

चार दिवसांनी मुलगी तोंड पाडून आली. “टीचर, नानी हसली.” घरी सराव चालला होता, नानी बाजूला तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेवटची ओळ ऐकून त्यांनी विचारले, “ये किसको डाँट रही है?”

आम्हालाही हसू आले. पण शाळा सुटल्यावर बर्डीच्या व्हरायटी चौकातून जाताना गांधीजींच्या पुतळ्यापाशी कुणाचे तरी धरणे चालले होते, भोंग्यावरून एक गृहस्थ जीव तोडून ओरडत होते आणि खरेदीला आलेली माणसे मान न वळवता पुढे जात होती. तेव्हा नानींचा प्रश्न पुन्हा कानात वाजला. हे तरी कुणाला रागावत आहेत?

घरी आल्यावर आम्ही गांधीजींचे ते भाषण काढून बसलो. लाज वाटते सांगायला, पण वीस वर्षे ते शिकवत असूनही सगळे सलग कधी वाचले नव्हते.

८ ऑगस्ट १९४२. मुंबईचे गवालिया टँक मैदान. अध्यक्षस्थानी मौलाना अबुल कलाम आझाद. नेहरूंनी मांडलेला आणि पटेलांनी अनुमोदन दिलेला ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झालेला. त्याचा पाया आपल्याच विदर्भातला, १४ जुलैला वर्ध्यात कार्यकारिणीने घातलेला. ‘क्विट इंडिया’ ही घोषणा मुंबईचे महापौर युसुफ मेहेरअली यांची. ‘सायमन गो बॅक’ही त्यांचीच. बाहेर महायुद्ध पेटलेले होते. फेब्रुवारीत सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले, एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर जपानी बॉम्ब पडले. अशा वेळी गांधीजी बोलायला उभे राहिले. आधी हिंदुस्थानीत बोलले, मग इंग्रजीत.

आणि सुरुवात कशाने? ठराव मंजूर केल्याबद्दल सभेचे अभिनंदन केले, आणि लगेच ज्या १३ जणांनी ठरावाविरुद्ध मत दिले त्यांचेही. हरणार हे ठाऊक असून ज्या तिघांनी आपल्या दुरुस्त्या मताला टाकायला लावल्या, त्यांच्या हिमतीची तारीफ केली. विजयाच्या रात्री, टाळ्या आपल्या बाजूने असताना!

आम्हा नागपूरकरांना याची किंमत जास्त कळायला हवी. डिसेंबर १९२० मध्ये याच शहरातल्या काँग्रेस अधिवेशनात जिनांनी असहकाराला विरोध करताना ‘मिस्टर गांधी’ म्हटले. ‘महात्मा म्हणा’ असा गिल्ला करून श्रोत्यांनी त्यांना बोलणे मुश्कील केले. त्यानंतर जिना काँग्रेसमधून बाहेर पडले. कारणे आणखीही होती, पण ज्याला सभेत बोलू दिले नाही तो पटवून घ्यायला परत येत नाही. १९४२च्या भाषणात गांधीजी हिंदू-मुस्लिम प्रश्नावर दीर्घकाळ बोलले, खिलाफतीच्या दिवसांची आठवण काढली, आणि जिनांना दीर्घायुष्य चिंतून म्हणाले की माझ्या मनात मुसलमानांविषयी खोट नव्हती हे मी गेल्यावर त्यांना कळेल. सभेत नसलेल्या विरोधकाविषयी असे बोलले की सभेतल्या संशयी माणसाचाही कान उघडतो. हा भाग वाचून दाखवला तेव्हा मुलीने विचारले, “म्हणजे त्या दिवशी ते आपल्याशीही बोलले होते?” आमच्या दोन पानांत हा भाग नव्हता.

आता त्या तीन शब्दांकडे येऊ. गांधीजींनी ‘करा किंवा मरा’ म्हटलेलेच नाही. हिंदुस्थानीत त्यांनी दिलेला मंत्र आहे : करेंगे या मरेंगे. उर्दूच्या तासाला आम्ही मुलांना अम्र आणि मुस्तकबिल यांतला फरक घोकून घेतो. अम्र म्हणजे हुकूम : करो. मुस्तकबिल म्हणजे पुढचा काळ : करेंगे. हुकूम देणारा स्वतः बाहेर उभा राहू शकतो; ‘करेंगे’ म्हणणारा राहू शकत नाही. त्यात बोलणारा आला, ऐकणारा आला, मरायची वेळ आली तर दोघेही आले. इंग्रजी ‘डू ऑर डाय’मध्ये तो मुस्तकबिल हरवला, आणि मराठीत आम्ही ‘करू किंवा मरू’ म्हणायचे सोडून इंग्रजीवरून ‘करा किंवा मरा’ केले. चळवळीचे मराठी नाव ‘चले जाव’. तो मात्र खरा हुकूम, आणि तो इंग्रजांना. परक्याला हुकूम आणि आपल्या माणसांसोबत शपथ, ही वाटणी आम्ही वर्गात उलटीपालटी करून टाकली होती.

याच युद्धातले दुसरे जगप्रसिद्ध भाषण चर्चिल यांचे, ४ जून १९४० चे. तेही ‘आम्ही लढू, आम्ही लढू’ असे किनाऱ्यांवरून शेतांत, शेतांतून रस्त्यांवर येते. सोपे शब्द, तेच क्रियापद पुन्हा पुन्हा. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, हे कबूल. पण त्या ‘आम्ही’त कोण होते? ज्या डंकर्कच्या माघारीनंतर ते भाषण झाले, तिथून निघालेल्यांत हिंदुस्थानी खेचर-तुकड्यांचे सैनिकही होते, बहुतेक पंजाबी मुसलमान. आणि सप्टेंबर १९४१ मध्ये याच चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगितले की अटलांटिक सनदेतले स्वयंनिर्णयाचे वचन युरोपातल्या जिंकलेल्या देशांसाठी आहे, हिंदुस्थानसाठी नाही. लढताना ‘आम्ही’ मोठे, वाटताना लहान.

गांधीजींच्या भाषणात आणखी एक गोष्ट आहे, जी जोशाच्या भाषणात सहसा नसते. मंत्र देऊन ते थांबले नाहीत. एकेका गटाला त्यांनी वेगळे काम सांगितले. वृत्तपत्रांनी बंधने सोसून छापण्यापेक्षा छपाई बंद ठेवावी. सरकारी नोकरांनी आत्ताच राजीनामा देऊ नये, पण आपण काँग्रेससोबत आहोत हे उघड सांगावे. सैनिकाने आपल्याच लोकांवर गोळी झाडायला नकार द्यावा. विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांना निर्भयपणे सांगावे की आम्ही काँग्रेसचे. (हे आम्ही वर्गात हळू आवाजात सांगतो.) ज्याला जेवढे पेलेल तेवढेच मागितले, घरी जाणाऱ्या माणसाला उद्या सकाळी काय करायचे ते माहीत होते.

पण ती सकाळ वेगळीच उजाडली. ९ ऑगस्टला पहाटेच अटका झाल्या. गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, मौलाना आझाद आणि नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात. वर्तमानपत्रांवर बंधने आली. लांब भाषण मुंबईतच अडकले. तीन शब्द मात्र कागदाशिवाय, तोंडातोंडी गावोगाव पोचले. छोटे होते, यमक होते, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही एकदा ऐकून पाठ होत होते.

आणि इथेच आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. १६ ऑगस्टला आपल्या चंद्रपूरकडच्या चिमूरमध्ये गोळीबार झाला, संतापलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले, नंतर आलेल्या पोलिस-लष्कराने गावावर, बायकांवर अत्याचार केले. त्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. चिमूरच्या लोकांना नावे ठेवायची आमची लायकी नाही. पण ज्या भाषणात अहिंसेची अट होती ते भाषण चिमूरपर्यंत पोचले नव्हते, मंत्र पोचला होता. जो शब्द इतका हलका की वाऱ्यावर जाईल, त्यात वाटेत कुणीही काहीही भरू शकतो. आज मोबाईलवर मौलवींच्या, पुढाऱ्यांच्या तकरिरीचे तीस सेकंदांचे तुकडे आपल्या घरात येतात; आम्हीही एखादा पुढे पाठवला असेल. आधीचे आणि नंतरचे काय होते, ते विचारायला आपण किती वेळा थांबलो?

मुलीचे भाषण आम्ही पुन्हा लिहिले. विरोधकांच्या अभिनंदनाने सुरुवात केली, चिमूरही घातले. शेवटच्या ओळीचे काय करायचे ते तिनेच ठरवले. बोट रोखले नाही, आवाजही चढवला नाही. हात खाली ठेवून “करेंगे या मरेंगे” म्हणाली, आणि मागच्या बाकांवरच्या चार-पाच मुली न सांगता तिच्यासोबत म्हणाल्या.

तिसरा क्रमांक आला. परीक्षकांचा शेरा होता : विषय चांगला, आवेश कमी. तिने तो नानींना वाचून दाखवला. नानींनी आवेश म्हणजे काय ते विचारून घेतले आणि म्हणाल्या, “तो पहले वाला सुना देती उनको.”