घर एक, नंबर पाच

नागपुरातल्या एखाद्या गुंठेवारी (म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेल्या प्लॉटवरच्या) घराची ओळख विचारून पाहा. महापालिका मालमत्ता कराचा इंडेक्स नंबर सांगेल. ऑरेंज सिटी वॉटर पाण्याचा ग्राहक क्रमांक देईल, महावितरण विजेचा. प्लॉट नंबर आणि नियमितीकरणाचं पत्र (आरएल) नागपूर सुधार प्रन्यासाच्या (नासुप्र) फायलीत, आखीव पत्रिका नगर भूमापन कार्यालयात. घर विकलं की नव्या मालकाने या साऱ्या दारी जाऊन आपलं नाव चढवायचं. एखादं दार चुकलं की बिल जुन्या मालकाच्या नावाने येत राहतं. गुंठेवारीतले ५७२ आणि १,९०० लेआउट हे आकडे ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांना हे नवं नाही.

कोणती माहिती कोणाची, ती कोणी बदलायची आणि बाकीच्यांनी कुठून घ्यायची, हे आधी ठरवण्याच्या शास्त्राला एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणतात. आयबीएमच्या जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये त्याची सुरुवातीची चौकट मांडली. पुढे संस्थेच्या साऱ्या यंत्रणांचे मोठाले नकाशे काढायची रीत पडली. नकाशा पुरा होईतो धंदाच बदललेला असे. आता क्लाउड आणि एपीआयच्या (यंत्रणांना एकमेकींशी जोडणाऱ्या दुव्यांच्या) काळात एकच अवाढव्य यंत्रणा कोणी बांधत नाही. यंत्रणा वेगवेगळ्या राहू देतात, ओळखक्रमांक आणि देवघेवीचे नियम मात्र एक ठेवतात. केंद्र सरकारच्या 'इंडईए' आराखड्यातही २०१८ पासून साधारण हेच सांगितलं आहे.

हे नागपुरात जमत नाही असं नाही. महामेट्रोने इथल्या मार्गाचं काम 'फाइव्ह-डी बिम' पद्धतीने चालवलं. खांबाची त्रिमित आकृती, त्याचं वेळापत्रक आणि खर्च एकमेकांना जोडलेले. पण मेट्रो ही कोरी पाटी होती. नागपूरची नगरपालिका १८६४ ची, नासुप्र १९३६ ची, नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (एनएमआरडीए) ही संस्था २०१७ ची. प्रत्येकीचं दप्तर वेगळं, आणि दप्तर हातात असणं म्हणजे अधिकार हातात असणं. खरी अडचण इथे आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही. ती निविदा काढून सुटत नाही म्हणूनच बहुधा तिच्याकडे कोणी पाहत नाही.

दरम्यान शहरावर नवे मजले चढताहेत. स्मार्ट सिटीचे कॅमेरे आणि फायबर आले, पोलिसांसाठी २०२४ मध्ये 'मार्व्हल' ही एआय यंत्रणा आली. आता करवसुलीपासून तक्रारींपर्यंत सगळीकडे एआय आणायची भाषा ऐकू येते. पण एकाच घराच्या पाच नोंदी एकमेकींशी जुळत नसतील, तर एआय चुकीच्या माणसाला नोटीस तेवढी झपाट्याने पाठवेल.

उपाय फार खर्चाचा नाही. जमिनीच्या तुकड्याला १४ अंकी भू-आधार क्रमांक देण्याची योजना २०२१ पासून देशात आहे. तोच पाया धरून त्यावरच्या प्रत्येक सदनिकेला पोटक्रमांक द्यावा आणि पाचही कार्यालयांनी आपापल्या नोंदीत तो लिहावा. कोणाला आपलं दप्तर सोडायला नको. मालकीबाबत कोणाची नोंद अंतिम, एवढंच राज्य सरकारने आदेश काढून ठरवावं. आणि हे होईपर्यंत महापालिकेने नव्या ॲपची एकही निविदा काढू नये.