संसार आणि कायदा : घरांत वाढलेलें मूल

एकत्र कुटुंबांत आप्ताचें पोरकें मूल वाढविणें यास आपल्याकडे कोणी उपकार म्हणत नाहीं. तें सहज कर्तव्यच समजलें जातें. दीर निवर्तला, जाऊही गेली, म्हणजे पुतणी आपल्या मुलांच्या पंक्तीस येऊन बसते आणि हळूहळू चुलतीलाच ‘आई’ म्हणूं लागते. घराला यांत कांहीं उणें वाटत नाहीं. परंतु कायदा घराच्या डोळ्यांनीं पाहत नाहीं. नुसत्या संगोपनानें, मग तें वीस वर्षांचें कां असेना, मूल दत्तक ठरत नाहीं. चुलता मृत्युपत्र न करितां गेला, तर त्या मुलीस ‘कन्या’ या नात्यानें कांहींही मागतां येत नाहीं. आणि ही गोष्ट बहुधा तेरावा उरकल्यावरच ध्यानांत येते.

हिंदु कुटुंबास आज दोन मार्ग मोकळे आहेत. पहिला 1956 च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्याचा. रूढीचा अपवाद सोडल्यास मूल अविवाहित व 15 वर्षांच्या आंतील असावें. पुत्र घेणाऱ्यास पुत्र, पौत्र वा प्रपौत्र नसावा. कन्या घेणाऱ्यास कन्या वा पुत्राची कन्या नसावी. पुरुषानें मुलगी किंवा स्त्रीनें मुलगा घेतल्यास वयांत निदान 21 वर्षांचें अंतर हवें. दत्तहोम आवश्यक नाहीं; मात्र देणें व घेणें प्रत्यक्ष घडलें पाहिजे. 2010 च्या दुरुस्तीनें मूल देण्याचा अधिकार आईस बापाच्या बरोबरीनें मिळाला. दोघेंही असतील तर परस्परांची संमति लागते. आईबाप दोन्ही नसतील तर मुलाच्या पालकास न्यायालयाची आगाऊ परवानगी घ्यावी लागते. आजोबांनीं नातीस मांडीवर बसवून दिलें, एवढ्यानें भागत नाहीं. दोन्ही पक्षांच्या सह्यांचें दत्तकपत्र नोंदविलें असल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, न्यायालय तें दत्तविधान कायदेशीर मानतें.

दुसरा मार्ग 2015 च्या बाल न्याय कायद्याचा. यांत काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हींकडील आजी-आजोबा हे ‘आप्त’ होत. घरीं स्वतःचा पुत्र वा कन्या असली तरी हा मार्ग बंद होत नाहीं. ज्यांस पहिला मार्ग अडतो त्यांस याचा मोठा आधार आहे. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून जन्मदात्यांची संमति द्यावी लागते; ते हयात नसल्यास बालकल्याण समितीची परवानगी. मूल 5 वर्षांचें वा मोठें असल्यास त्याचीही संमति हवी. अंतिम हुकूम देण्याचा अधिकार 2021 च्या दुरुस्तीनें न्यायालयाकडून जिल्हादंडाधिकाऱ्याकडे सोंपविला आहे. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षांत करावी.

याच कायद्यान्वयें भुसावळच्या न्यायालयांत एका घटस्फोटित भगिनीनें आपल्या बहिणीची कन्या मागितली होती. ती नोकरी करते, तेव्हां मुलीकडे लक्ष देऊं शकणार नाहीं, असें म्हणून खालच्या न्यायालयानें अर्ज फेटाळला. 2023 सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तो निर्णय रद्द केला. एकट्या पालकास नोकरी करावीच लागते, हा साधा विचार त्यामागें होता. मावशी एकटी आहे म्हणून मागें राहण्याचें कारण नाहीं.

आतां परिणामांविषयीं. 1956 च्या कायद्यान्वयें एकदां झालेलें दत्तविधान मोडतां येत नाहीं. जन्मकुळाचे संबंध सुटतात, तरी तेथील विवाहनिषेध कायम राहतात. दत्तक जाण्यापूर्वीं पुतणीस बापाकडून मिळालेली मिळकत, तीवरील जबाबदाऱ्यांसह, तिचीच राहते. ज्या घरांत बंधूचा हिस्सा आहे, तेथें हें प्रथम स्पष्ट लिहून ठेवावें. पुढें भाऊबंदकींत त्या मुलीच्या बाजूनें बोलणारें कोणी असेलच असें नाहीं. दत्तकाबद्दल पैसे देणें वा घेणें हा मात्र गुन्हा आहे.

सर्वांनींच दत्तक घ्यावें असा आमचा आग्रह नाहीं. मूल आपल्या मृत आईबापांचें नांव लावूं इच्छीत असेल, तर त्याच्या भावनेचा मान राखावा. अशा घरीं पालकत्वाचा न्यायालयीन हुकूम व कर्त्यांचें मृत्युपत्र हे दोन कागद तरी करावे. वडीलमंडळी हयात व समाधानी आहेत, तोंवरच हा विषय काढणें बरें. आणि बैठकींत त्या मुलासही बोलवावें.