कातड्याची साक्ष

1999 सालच्या डिसेंबर महिन्यात दिल्लीलगतच्या गाझियाबाद येथे एका छाप्यात वाघांची तीन व बिबट्यांची पन्नास कातडी हस्तगत झाली. हा माल त्या शहराच्या परिसरातला नव्हे, हे उघड होते. मग ही जनावरे कोणत्या अरण्यात मारली गेली? याचे उत्तर मिळाल्यावाचून पहारा कोठे वाढवावा, हे वनखात्याला कळावयाचे नाही. कातडे मुके असते, अशी पूर्वी समजूत होती. आनुवंशिकीने त्याला वाचा दिली आहे. परंतु त्याची साक्ष समजून घेण्याची पूर्वतयारी आपण अद्याप पुरेशी केलेली नाही, असे आमचे मत आहे.

प्राण्याच्या बहुतेक पेशींत डी.एन.ए. हे आनुवंशिक द्रव्य असते. सुकलेले कातडे, हाड, नख, फार काय, शिजविलेल्या मांसातही त्याचे अंश उरतात. पेशीतील तंतुकणिकांच्या डी.एन.ए.मध्ये जातीगणिक निराळा असा एक भाग असतो. तो वाचून प्राण्याची जात ओळखण्याची पद्धत हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. ती 2003 साली प्रसिद्ध झाली. सापडलेले मांस हरणाचे की बोकडाचे, हा वाद आता प्रयोगशाळेत मिटविता येतो. त्यामुळे अपराधी सापडतो, तसाच निरपराध माणूस सुटतोही.

तथापि, जात कळली म्हणून ठिकाण कळत नाही. त्यासाठी डी.एन.ए.मधील पुनःपुन्हा येणाऱ्या लहान खंडांची मोजणी करावी लागते. या खंडांचे प्रमाण प्रदेशपरत्वे बदलते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात जप्त केलेल्या बिबट्यांच्या अवशेषांचे मूळ याच रीतीने शोधण्यात आले व त्यातून मध्य भारताकडे लक्ष वेधले गेले. मात्र ताडून पाहण्यास नोंदवही नसेल, तर बोटाचा ठसा घेऊन काय उपयोग? म्हणून प्रत्येक अरण्यातील प्राण्यांची विष्ठा व केस गोळा करून त्यांची आनुवंशिक नोंद आधीच झालेली असली पाहिजे.

हीच नोंद संरक्षणाच्या कामीही येते. दिल्लीहून सुमारे 200 किलोमीटरांवर असलेल्या सरिस्का येथील वाघ नाहीसे झाल्याचे 2005 साली उघडकीस आले. 2008 पासून रणथंभोरचे वाघ तेथे नेऊन सोडण्यात आले. परंतु आरंभी नेलेले वाघ परस्परांचे जवळचे नातलग असल्याचे मागाहून निदर्शनास आले. आप्तांच्या संकरातून संतती दुर्बल निपजण्याचे भय असते. जी तपासणी मागाहून झाली, ती आधी व्हावयास हवी होती.

असल्या नोंदणीस खर्च फार, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु एकदा केलेली नोंद पुढील अनेक खटल्यांत व अनेक योजनांत उपयोगी पडते. 1972 सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. राजधानीत 2007 साली स्थापन झालेला वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो आहे. हैदराबाद व डेहराडून येथे प्रयोगशाळा आहेत. उणीव आहे ती सर्व अरण्यांच्या संपूर्ण नोंदवहीची आणि नमुना कोरडा ठेवून मोहोरबंद कसा करावा, याचे शिक्षण प्रत्येक वनरक्षकास देण्याची. नमुना पहिल्याच हाती बिघडला, तर पुढे उत्तमातील उत्तम यंत्रही न्यायालयास काही सांगू शकणार नाही. म्हणून या दोन्ही कामांवर प्रथम पैसा खर्च व्हावा.